चांदण्यात रंग कुठे जातात?

रानजाई

पौर्णिमेच्या चांदण्यात समोरचा माणूस ओळखू येतो, पायाखालची वाट दिसते, कुंपणाची सावलीसुद्धा स्वच्छ पडलेली असते. परंतु जास्वंदीचे फूल लाल दिसत नाही आणि तिचे पान हिरवे दिसत नाही. सगळे काही करड्या रंगाच्या कमी-अधिक छटांमध्ये उरते. चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही, चांदणे म्हणजे परतून आलेले ऊनच, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. तसे असेल तर उन्हातले रंग चांदण्यातही यायला हवेत. यंदाच्या कोजागरीला मी फोनच्या ‘नाइट मोड’वर त्याच झाडाचे छायाचित्र घेतले, तेव्हा त्यात पाने हिरवीगार आणि फूल लाल आले. फोनने हे रंग स्वतःच्या मनाने भरले, की ते तिथे होतेच आणि मला दिसले नाहीत? ‘उजेड कमी असतो म्हणून’ एवढे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण उजेड कमी झाल्यावर लाल रंग मंद लाल व्हायला हवा. तो करडा का व्हावा? जाणकारांनी कृपया या चर्चाधाग्यावर सविस्तर लिहावे.

उत्तरध्रुव

फोनने लबाडी केलेली नाही, निदान या बाबतीत तरी नाही. हल्लीचे फोन रंग जरा भडक करून दाखवतात हे खरे, पण हिरवा आणि लाल हे रंग त्या चांदण्यात होतेच.

आधी प्रकाशाची बाजू पाहू. चंद्राचा पृष्ठभाग आपल्याला वाटतो तितका पांढरा नाही, चांगलाच काळपट आहे; त्यावर पडलेल्या उन्हापैकी सुमारे १२ टक्केच तो परत फेकतो. परत फेकताना तांबड्या बाजूचा प्रकाश निळ्या बाजूपेक्षा किंचित जास्त फेकला जातो. म्हणजे चांदणे उन्हापेक्षा थोडे तांबूसच असते, आणि चित्रपटांत निळे चांदणे दाखवण्याच्या रूढीला प्रकाशाच्या बाजूने काहीच आधार नाही. तरंगलांब्या (म्हणजे प्रकाशातले निरनिराळे रंग) सगळ्या येतात. बदलतो तो एकूण उजेड. पूर्ण चंद्राचा प्रकाश सूर्यापेक्षा सुमारे चार लाख पटींनी मंद असतो.

फोनचा कॅमेरा काही सेकंद उघडा राहतो आणि तेवढ्या वेळात आलेला प्रकाश साठवत जातो. डोळा असे साठवत नाही. अंधारातसुद्धा तो जेमतेम एक दशांश सेकंदाची बेरीज करतो आणि पुढच्या हिशेबाला लागतो. दुर्बिणीतून मृग नक्षत्रातला तेजोमेघ (अवकाशातला वायूचा चमकता ढग) पाहणारा प्रत्येक नवखा माणूस याच कारणाने हिरमुसतो: छायाचित्रात गुलाबी दिसलेला तेजोमेघ नेत्रिकेतून (डोळा लावायच्या भिंगातून) राखाडी धुरासारखा दिसतो. आमच्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत मी हे लोकांना आधीच सांगून ठेवतो.

साधा माणूस

तरीही धागाकर्तीचा मूळ प्रश्न उरतोच. मंद लाल हा लालच का राहत नाही?

दृष्टिपटल

मी अनेक वर्षे नेत्रविभागात काम केले आहे, त्यामुळे डोळ्याच्या बाजूचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. जरा लांबेल.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशी सुमारे १२ कोटी आणि शंकुपेशी सुमारे ६० लाख. शंकुपेशींचे तीन प्रकार आहेत आणि त्यांतील प्रत्येक प्रकार वेगळ्या तरंगलांबीला सर्वाधिक दाद देतो: एक ४२० नॅनोमीटरच्या आसपास (जांभळट-निळा; नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग), दुसरा ५३० च्या (हिरवा) आणि तिसरा ५६० च्या (पिवळट-हिरवा). दंडपेशींचा मात्र एकच प्रकार आहे आणि त्यांचा कळस ५०० च्या आसपास असतो. दिवसा सगळा कारभार शंकुपेशी पाहतात. दंडपेशी त्या वेळी उजेडाने इतक्या भरून गेलेल्या असतात की त्यांच्याकडून काही उपयोगाची खबर येत नाही. चांदण्यात उलट होते. शंकुपेशींना हा उजेड पुरत नाही आणि दंडपेशी कामाला लागतात.

आता कळीचा मुद्दा. दंडपेशीने प्रकाशाचा एक कण (फोटॉन) शोषला की तिच्याकडून ठरावीक आकाराचा एकच संकेत निघतो. तो कण निळ्या प्रकाशाचा होता की पिवळ्या, याची कोणतीही नोंद त्या संकेतात नसते. तरंगलांबीने फरक पडतो तो फक्त कण शोषला जाण्याच्या शक्यतेत. ५०० नॅनोमीटरच्या प्रकाशातले कण सहज पकडले जातात, ५८० चे त्या मानाने कमी पकडले जातात. त्यामुळे मंद हिरवट-निळा प्रकाश आणि त्याहून प्रखर पिवळा प्रकाश यांपासून एखाद्या दंडपेशीला अगदी सारखीच मोजणी मिळू शकते. फाटकावर बसून आत येणाऱ्यांची नुसती संख्या लिहिणाऱ्या पहारेकऱ्याला आत आलेले लोक कोणत्या गावचे होते हे विचारून जसा उपयोग नाही, तसेच हे आहे.

यात महत्त्वाची गोष्ट अशी की एकट्या शंकुपेशीचीही स्थिती हीच आहे. तिलाही रंग कळत नाही. रंग निर्माण होतो तो तीन प्रकारच्या शंकुपेशींच्या मोजण्यांची परस्परांशी तुलना झाल्यावर, आणि ही तुलना दृष्टिपटलातल्या पुढच्या पेशींपासून सुरू होऊन मेंदूत पूर्ण होते. ‘लाल’ म्हणजे ५६० वाल्यांची मोजणी बरीच अधिक आणि ५३० वाल्यांची त्या मानाने कमी, असा निकाल. चांदण्यात एकाच प्रकारच्या पेशी जाग्या असतात, तुलना करायला दुसरा कोणी नसतो, म्हणून मंद लालसुद्धा हाती लागत नाही. उरते ती फक्त कमी-जास्त मोजणी, आणि तिलाच आपण करड्या छटा म्हणतो.

तीन प्रकारांच्या तुलनेची कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी १८०२ च्या सुमारास मांडली, आणि भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून घेतलेल्या तीन छायाचित्रांचे प्रकाश एकत्र पाडून रंगीत चित्र उमटवून दाखवले. आपण हा धागा ज्या पडद्यावर वाचत आहात त्यावरचा पिवळा रंगही असाच आहे. त्या ठिकाणाहून पिवळ्या तरंगलांबीचा प्रकाश जवळपास निघतच नाही. लाल आणि हिरवे ठिपके शेजारीशेजारी उजळतात, आणि पिवळ्या प्रकाशाने जी मोजणी झाली असती तीच होते. डोळ्याकडे फरक करण्याचे साधन नाही.

साधा माणूस

हे पटले. मग पूर्वी काही रस्त्यांवर पिवळे दिवे असायचे, त्यांच्याखालीही लाल गाडी तपकिरी-काळी दिसायची. तेही दंडपेशींमुळेच का?

दृष्टिपटल

नाही, तिथे कारण नेमके उलटे आहे. कमी दाबाच्या सोडियम दिव्यातून जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा, प्रकाश निघतो. त्याच्याखाली उजेड भरपूर असतो, शंकुपेशी पूर्ण जाग्या असतात, पण परत येणाऱ्या प्रकाशातच विविधता नसते. लाल गाडीने परत फेकावा असा लाल प्रकाश तिच्यावर पडलेलाच नसतो. त्या दिव्याखाली फोननेही छायाचित्र घेतले तरी खरे रंग मिळणार नाहीत, चांदण्यात मिळतात. आपल्याकडे पूर्वी अधिक प्रचलित असलेल्या जास्त दाबाच्या सोडियम दिव्यांत इतर तरंगलांब्याही थोड्याफार असतात, म्हणून त्यांच्याखाली रंग पूर्ण जात नाहीत, फक्त बिघडतात.

गणिती

वर ‘शंकुपेशींना उजेड पुरत नाही’ असे म्हटले आहे, पण न पुरणे म्हणजे किती, याचा अंदाज यावा म्हणून एक ढोबळ हिशेब करून पाहिला. चंद्र माथ्यावर असताना पौर्णिमेला जमिनीवर साधारण पाव लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) उजेड पडतो. भर दुपारच्या उन्हात तो सुमारे एक लाख लक्स असतो. सगळे चांदणे ५५५ नॅनोमीटरचेच आहे असे सोयीसाठी धरले, तर पाव लक्स म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर दर सेकंदाला सुमारे दहा हजार कोटी प्रकाशकण. आकडा प्रचंड वाटतो, पण आता त्याची गळती पाहा.

जास्वंदीच्या पानाचा एक चौरस सेंटिमीटरचा तुकडा तीन मीटरवर आहे. तो पडलेल्या प्रकाशापैकी साधारण एक दशांश परत फेकतो, तोही चहूकडे. डोळ्याची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडलेली असली, तरी त्या विखुरलेल्या प्रकाशाचा दहा लाखांत एखादाच भाग तिच्या वाट्याला येतो. हिशेबाअंती बाहुलीत दर सेकंदाला दहा-पंधरा हजार कण शिरतात आणि डोळा ज्या एक दशांश सेकंदाची बेरीज करतो तेवढ्या वेळात हजार-दीड हजार. त्यांतले बरेचसे वाटेतच परावर्तित होतात, शोषले जातात किंवा कोणत्याही पेशीला न लागता निघून जातात. जे उरतात ते काही शे दंडपेशींवर पसरतात, कारण पानाच्या त्या तुकड्याची प्रतिमा दृष्टिपटलावर तेवढी जागा व्यापते. म्हणजे प्रत्येक दंडपेशीच्या वाट्याला एखादा कण, किंवा तोही नाही.

प्रकाश अखंड वाहत येतो ही आपली रोजची समजूत इथे मोडते. पौर्णिमेला आपण पान पाहतो तेव्हा प्रकाश सुट्या कणांनी येतो ही गोष्ट पेशींच्या पातळीवर थेट जाणवण्याजोगी झालेली असते.

दृष्टिपटल

गणिती यांचा हिशेब फार चांगला आहे आणि प्रयोगाशी जुळणाराही आहे. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हेक्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना अर्धा तास अंधारात बसवून ५१० नॅनोमीटर प्रकाशाची हजारांश सेकंदाची चमक दाखवली. चमक दिसण्यासाठी डोळ्याच्या पृष्ठभागावर ५४ ते १४८ कण पोहोचावे लागत होते. वाटेतली गळती वजा केल्यावर दंडपेशींनी प्रत्यक्ष शोषलेले कण ५ ते १४ भरले. हे कण सुमारे ५०० दंडपेशींवर पसरत असल्याने एकाच पेशीला दोन कण मिळण्याचा संभव फारच थोडा होता. म्हणून त्यांनी निष्कर्ष काढला की दंडपेशीला जागे करायला एक कण पुरतो. पुढे १९७९ मध्ये बेलर, लॅम आणि याऊ यांनी एका जातीच्या भेकाच्या सुट्या दंडपेशीचा विद्युत संकेत मोजून ते प्रत्यक्ष दाखवले.

शंकुपेशीला एवढी संवेदना नाही. एका कणाने तिच्यात होणारा फरक तिच्या स्वतःच्या गोंगाटात बुडून जातो. तिच्याकडून भरवशाची खबर मिळायला अनेक कण थोड्या वेळात यावे लागतात, आणि मंद चांदण्यात तेवढे येत नाहीत.

साधा माणूस

मला इथे थोडा विरोध नोंदवायचा आहे. पौर्णिमेला शेतावर असताना मला लाल रंग पुष्कळदा ओळखू येतो. तो करडा दिसतो असे मी म्हणू शकत नाही.

दृष्टिपटल

तुमचे निरीक्षण चुकीचे असेलच असे नाही. निरभ्र पौर्णिमेचे चांदणे हे दोन्ही पेशींच्या सीमेवर येते. उजळ वस्तू जवळ असेल तर शंकुपेशी थोड्या जाग्या राहू शकतात आणि फिकट रंग जाणवू शकतो. परंतु आठवणीचा भागही मोठा असतो. ओळखीचे लुगडे लाल आहे हे मनाला ठाऊक असते आणि ते ज्ञान दिसण्यात मिसळते. दुसऱ्या कोणाला एकाच आकाराच्या रंगीत कागदाच्या अनोळखी चिठ्ठ्या द्यायला सांगून चांदण्यात त्यांची वर्गवारी करून पाहावी. लाल आणि काळ्या चिठ्ठ्यांत घोटाळा झाला नाही तर मला आश्चर्य वाटेल.

लालचा उल्लेख मुद्दाम करतो. दंडपेशींना लांब तरंगलांबीचा, म्हणजे लाल, प्रकाश जवळजवळ दिसतच नाही. दिवसा डोळ्याला ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सर्वांत उजळ वाटतो, अंधारात हा कळस ५०७ कडे सरकतो. त्यामुळे संध्याकाळ उतरू लागली की जास्वंदीचे फूल आधी काळवंडते आणि दिवसा त्याहून मंद वाटणारी पाने तुलनेने उजळ दिसू लागतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किंजे यांनी १८२५ मध्ये या बदलाचे वर्णन केले आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दिवेलागणीच्या अर्ध्या तासात एका जागी बसून पाहिले तर हे सहज पाहता येते.

नैयायिक

विषयाला धरूनच एक पुरवणी. डोळा प्रकाश घेतो की प्रकाश सोडतो, हा प्रश्न आपल्याकडे फार गंभीरपणे चर्चिला गेला आहे. न्याय या भारतीय दर्शनाच्या मताप्रमाणे चक्षुरिंद्रिय तैजस (तेजाचे बनलेले) आहे आणि त्याचे किरण बाहेर जाऊन वस्तूला भिडतात, तेव्हा ज्ञान होते. बौद्धांनी हे नाकारले. डोळा वस्तूपर्यंत जात नाही असे त्यांचे म्हणणे होते. किरण सोडणाऱ्या डोळ्याची कल्पना ग्रीकांमध्ये युक्लिडनेही मांडली होती. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात डोळ्यातून किरण निघतात यासाठी दिलेला पुरावा रात्रीच्या दृष्टीचाच आहे: ‘नक्तंचरनयनरश्मिदर्शनाच्च’, म्हणजे रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांतून किरण निघताना दिसतात.

निरीक्षण अचूक होते, याचे मला नेहमी कौतुक वाटते. अनुमान मात्र टिकले नाही. मांजराच्या दृष्टिपटलामागे चकाकणारा एक थर असतो. दंडपेशींना चुकवून गेलेला प्रकाश तो परत फेकतो, म्हणजे त्या पेशींना तोच कण पकडण्याची दुसरी संधी मिळते. तेवढ्यातूनही निसटलेला प्रकाश बाहुलीतून बाहेर येतो आणि आपल्याला डोळे चमकताना दिसतात. संपूर्ण काळोखात, जिथे बाहेरून काहीच प्रकाश येत नाही, तिथे मांजराचे डोळे चमकत नाहीत. अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथम याने अकराव्या शतकाच्या आरंभी डोळ्यातून किरण निघण्याच्या मताविरुद्ध युक्तिवाद करताना प्रखर सूर्याकडे पाहिल्यावर डोळ्याला होणाऱ्या वेदनेकडे बोट दाखवले. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ मध्ये दृष्टिपटलावर उलटी प्रतिमा पडते हे मांडल्यावर हा वाद जवळपास संपला.

रानजाई

सर्वांचे आभार, मूळ शंका फिटली. आणखी एक विचारते. चांदण्यात वर्तमानपत्राचा मथळा वाचता येतो, पण बातमी वाचता येत नाही. तिथे तर रंगाचा प्रश्नच नाही, काळे-पांढरेच आहे. मग अडते कुठे?

गणिती

इथे प्रकाशाचा दुसरा स्वभाव, म्हणजे तरंग असणे, आधी बघावा लागेल. तरंग छोट्या छिद्रातून गेला की पसरतो, त्यामुळे दिवसाच्या अडीच-तीन मिलिमीटरच्या बाहुलीतून डोळ्याला एका कोनीय मिनिटाहून (अंशाच्या साठाव्या भागाहून) फारसे बारीक काही वेगळे करता येत नाही. दृष्टिपटलाच्या मध्यभागी शंकुपेशी एकमेकींपासून साधारण अर्ध्या कोनीय मिनिटावर बसवलेल्या आहेत, म्हणजे प्रकाश जेवढा बारकावा आणून देतो जवळपास तेवढाच टिपण्याची सोय आहे. याहून दाट पेशी असत्या तरी फायदा झाला नसता. रात्री बाहुली मोठी होते, तेव्हा तरंगाचा हा अडसर उलट कमीच होतो. त्यामुळे दोष प्रकाशाचा नाही. पुढचे दृष्टिपटल यांनी सांगावे.

दृष्टिपटल

अडचण दंडपेशींच्या मांडणीत आहे. त्यांच्यापैकी शेकडो पेशींची मोजणी एकत्र करून एकच संदेश मेंदूकडे जातो. कण इतके तुरळक येत असताना हे आवश्यकच असते, पण त्यात बारकावा जातो. शिवाय आपण दृष्टिपटलाच्या ज्या मधल्या खळग्याने वाचतो तिथे दंडपेशी मुळीच नसतात. ही दंडपेशीविरहित जागा पूर्ण चंद्राच्या दुपटीहून अधिक रुंद आहे, म्हणजे अंधारात आपण जिकडे नेमके रोखून पाहतो तिथेच आपल्याला एक आंधळा ठिपका असतो. मथळ्याची अक्षरे त्या ठिपक्याबाहेर पुरून उरतात, बातमीची उरत नाहीत.

उत्तरध्रुव

आकाशदर्शनात याचा रोजचा उपयोग होतो. देवयानी आकाशगंगा दाखवताना आम्ही लोकांना थेट तिच्याकडे पाहू नका, जरा बाजूला नजर ठेवा असे सांगतो. दंडपेशींची सर्वाधिक दाटी मध्यापासून पंधरा-वीस अंशांवर असते, त्यामुळे बाजूने पाहिल्यावर तो अंधुक ठिपका उमटतो आणि त्याच्याकडे वळून पाहिले की नाहीसा होतो. लाल विजेरी वापरण्याचे कारणही वर आलेच आहे. लाल प्रकाशात नकाशा शंकुपेशींनी वाचता येतो आणि दंडपेशींना त्याचा फारसा पत्ता लागत नाही. अंधाराला पुरते सरावायला त्यांना तीस-चाळीस मिनिटे लागतात आणि कोणी फोनचा पांढरा पडदा उघडला की ती मेहनत क्षणात वाया जाते.

साधा माणूस

रातांधळेपणा म्हणजे मग दंडपेशींचा बिघाड का?

दृष्टिपटल

होय, पण कारणे वेगवेगळी असतात. दंडपेशीतले र्‍होडॉप्सिन हे द्रव्य ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेल्या रेटिनाल या रेणूवर चालते. प्रकाशकण लागला की हा वाकलेला रेणू एका सेकंदाच्या अब्जाव्या भागापेक्षाही कितीतरी कमी वेळात सरळ होतो, आणि पाहण्याची सुरुवात तिथे होते. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले की आधी रात्रीचे दिसणे जाते. भारतात लहान मुलांना त्याचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० पासून चालू आहे. हा प्रकार वेळेत उपचार केल्यास भरून येतो. दुसरा प्रकार आनुवंशिक असतो, त्यात दंडपेशीच हळूहळू मरतात, आणि तिथे गाजरे खाऊन काही होत नाही. रात्रीचे दिसणे कमी झाल्यासारखे वाटत असेल तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी.

नैयायिक

सर्वच प्राण्यांना रात्री रंग दिसत नाहीत का?

उत्तरध्रुव

नाही, आणि याचे एक उत्तम उदाहरण आपल्या भीमाशंकरच्या जंगलातले आहे. तिथे लाकूड पोखरून घरटे करणाऱ्या भुंग्यांची एक जात अमावास्येच्या रात्रीही उडते. संशोधक हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भुंग्यांच्या घरट्यांपाशी रंगीत खुणा ठेवून २००८ मध्ये दाखवून दिले की माणसाला रंग अजिबात कळत नाहीत अशा ताऱ्यांच्या उजेडातही हे भुंगे खुणेचा रंग लक्षात ठेवून घर शोधतात. ‘एलिफंट हॉकमॉथ’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या पतंगांच्या एका युरोपीय जातीत आणि काही निशाचर पालींतही अशी क्षमता आढळली आहे. पालींचे पूर्वज दिनचर होते आणि त्यांच्या डोळ्यांतून दंडपेशी नाहीशा झाल्या होत्या. वंशज पुन्हा रात्री हिंडू लागले तेव्हा त्यांनी शंकुपेशीच मोठ्या आणि अधिक संवेदनशील करून घेतल्या, त्यामुळे तुलना करण्याची सोय टिकून राहिली.

भुंग्याचे कोडे याहून अवघड आहे. त्याचा डोळा मूळचा दिवसाच्या उजेडासाठी असलेल्या रचनेचा आहे, ज्यात प्रत्येक बारीक भिंगाचा प्रकाश फक्त त्याच्याखालच्या पेशींना मिळतो. भिंगे मोठी झाली आहेत, पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. शेजारच्या अनेक भिंगांच्या मोजण्या त्याचा मेंदू एकत्र करत असावा आणि बारकावा गमावून रंग राखत असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे.